आधी दादा

९ जानेवारी

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा पाठकणा टांगलेला होता. पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. बोलता बोलता त्यांनी तो एका हाताने धरून ठेवला. म्हणाले, कण्याच्या आतून नसांची वाट जाते, ती ह्यांच्या कमरेत दोन ठिकाणी अरुंद झाली आहे. उभं राहिलं, चाललं की नसा दबतात आणि पाय जड होतात. वाकलं किंवा बसलं की वाट थोडी उघडते.

म्हणजे गेली दोन वर्षं हे ढोंग करत नव्हते. दुकानात दिवसभर टेबलावर वाकून काच कापायची, फ्रेमा ठोकायच्या, तेव्हा काही दुखत नाही. आणि माझ्याबरोबर बाजारात यायचं म्हटलं की चौकापर्यंत पायांचं शिसं. मी म्हणत असे, दुकानात वाघ, बाजारात शेळी. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, वाकलेला असतो म्हणूनच वाघ असतो.

ऑपरेशनने पायांचं दुखणं बऱ्याच जणांचं जातं. काहींचं थोडं उरतं. काहींचं जाऊन परत येतं. कोणाचं काय होईल ते आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. हे शेवटचं त्यांनी कणा सोडून, आमच्याकडे बघून सांगितलं.

बाहेर आल्यावर हे बाकावर बसले. विचारलं, "काय करायचं?"

मी म्हटलं, "करून टाका."

ह्यांनी मान डोलावली. आमच्या घरातले सगळे निर्णय असेच झाले आहेत.

१८ जानेवारी

ऑपरेशन झालं. आम्ही दोघी खाली बसून होतो. मी आणि बेबी. बेबी ह्यांची धाकटी बहीण, अठ्ठावन्न वर्षांची. लग्न केलं नाही. बायकांचे केस कापायचं दुकान आहे, वरच्या खोलीत एकटी राहते. सकाळी आली तेव्हा दारापासून माझ्यापर्यंत प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावत आली. विचारलं तर म्हणाली, माझेही पाय हल्ली दादासारखेच करतात. स्टुलावर एक गुडघा टेकवून केस कापते. "गिऱ्हाईक बसतं, मी उभी. वहिनी, मी धंदाच उलटा निवडला."

मी म्हटलं, दाखव मग कोणाला तरी. म्हणाली, आधी दादाचं होऊ दे.

तिचं पहिल्यापासून हेच. मग तिने नदीची गोष्ट सांगितली. लहानपणी पोहायला गेले की आधी हे उतरायचे. ही काठावर उभी राहून विचारायची, गार आहे का रे? हे म्हणायचे, कोमट आहे. ओठ निळे पडलेले असायचे.

"आणि तू उतरायचीस?"

"उतरायचे ना. एकदा उतरल्यावर काय, पोहावंच लागतं."

डॉक्टर आले, म्हणाले, ठरल्याप्रमाणे सगळं झालं. तोंडावरचा मास्क काढलेला नव्हता, त्यामुळे हसले की नाही ते कळलं नाही.

२४ जानेवारी

घरी आणलं. खुर्चीत बसताना, उठताना कसं वळायचं ते शिकवून पाठवलं आहे. मला मान्य नसलेली एकच गोष्ट: खाली वाकायचं नाही. ह्यांची पायमोजे घालायची पद्धत माझ्यापेक्षा निराळी आहे आणि मी घातलेले मोजे ह्यांना रोज टोचतात.

६ फेब्रुवारी

आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेलो. हे कुठेच थांबले नाहीत. मी पिशवीत चष्मा शोधत मागे राहिले. हे पुढे गेले, वळले आणि म्हणाले, "येतेस ना?"

किती वर्षांनी मला ह्यांच्यामागून भराभर चालावं लागलं. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि थोडी रडले. शाळेत शिकवत असताना मी रडणाऱ्या मुलांना बाहेर उभं करत असे.

८ मार्च

दुकान उघडलं. सकाळचा वेळच बसतात. एका बाईने लग्नाचा फोटो आणला होता, काच फुटलेली. नवी काच बसवून ह्यांनी मला दाखवली. म्हणाले, हात विसरले नाहीत. मी म्हटलं, हातांचं ऑपरेशन नव्हतंच.

जाताना आणि येताना दोन्ही वेळा चालत. बेबीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, खरं? दोनदा विचारलं.

११ एप्रिल

ह्यांचा स्वभाव बदलला आहे. मी वाचलं होतं की मोठ्या आजारातून उठलेली माणसं कधी कधी बोलकी होतात. उभ्या आयुष्यात शेजाऱ्याला स्वतःहून हाक न मारलेला माणूस आता रस्त्यात सगळ्यांशी बोलतो. चाव्या बनवणारा आहे, त्याच्याकडे एक जास्तीचं स्टूल असतं, तिथे बसतात. पुढे पेपरवाल्याकडे. मग बँकेच्या पायरीवर बसणारे एक म्हातारे, त्यांना ऐकू येत नाही, तरी त्यांच्याजवळ. दुकानातून घरी यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ. मी म्हटलं, निवडणुकीला उभे राहणार आहात का?

म्हणाले, "माणसं चांगली असतात गं. आपण बघत नाही."

हे ह्यांच्या तोंडचं वाक्यच नव्हे. पण बरं वाटलं.

१९ एप्रिल

आज मोठ्या दुकानात महिन्याचं सामान आणायला गेलो. ढकलगाडी मला धरू देत नाहीत. दोन्ही कोपर दांड्यावर टेकवून, निवांत ओणवे होऊन, सबंध दुकान फिरले. ज्या वस्तू आम्ही कधी घेत नाही त्यांच्याही रांगांमधून. कुत्र्याचं खाणं. बागेच्या नळ्या. सामान घेऊन झालं तरी गाडी सोडेनात. मी दाराशी पिशव्या घेऊन उभी.

येताना चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर थांबले. मग भांड्यांच्या. मग एका रिकाम्या गाळ्याच्या, ज्याच्या काचेवर फक्त 'भाड्याने देणे आहे' एवढंच लिहिलेलं होतं. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, आत बघत होते. विचारलं तर म्हणाले, काच बघतोय, चांगल्या जाडीची आहे.

धंदा डोक्यात इतका भिनलेला बरा नाही.

३ मे

बेबीच्या तपासण्या झाल्या. तेच निघालं, पण एकाच ठिकाणी. त्याच डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आहे. घाई नाही, पण फार उशीरही करू नका म्हणाले. नसा फार दिवस दबून राहिल्या तर नंतर मोकळ्या करूनही उपयोग होईलच असं नाही.

दुकानात मदतीला एक मुलगी ठेवली आहे. बेबी स्वतः दोनच बायकांचे केस कापते, आणि मधे वर जाऊन पडते. वर जायचा जिना बसून चढते. हे तिने हसत सांगितलं. "मागे कोणी नसतं म्हणून बरं. नाहीतर जन्माची शोभा."

जिना चढता येईनासा झाला तर दुकान सोडावं लागेल, आणि दुकान सोडलं तर तिला दुसरं काही नाही. हे तिने सांगितलं नाही. मी लिहिते आहे.

तिने ह्यांना विचारलं, "दादा, तू सांग. करू?"

हे उठले आणि पाणी आणायला आत गेले. पाणी घेऊन आले ते दुसऱ्याच विषयासकट.

६ मे

बेबीचा फोन. दादा काही बोलला का? नाही म्हटलं.

हे असं का करतात कळत नाही. स्वतः उभे राहिले, चालू लागले. आता बहिणीची पाळी आली तर तोंडात मूग. मी बोलले. फार बोलले. म्हटलं, तुम्हाला मिळालं ते तिला मिळू नये असं वाटतं की काय? एक शब्द बोलायला काय जातं?

"तिचं तिला ठरवू दे."

"तुमच्यावाचून तिने आजपर्यंत काही ठरवलंय?"

ह्यांनी काचेवरचा डाग पुसायला घेतला. घरी आणलेली फ्रेम होती, डाग नव्हताच.

९ मे

आज दुकान दुपारी बंद होतं. चावीवाला भेटला तेव्हा कळलं. संध्याकाळी हे टॅक्सीतून उतरले. काखेत मोठं पाकीट. कुठे गेला होतात? म्हणाले, काच बघायला, नवा व्यापारी आहे. मग काच कुठाय? आवडली नाही.

टॅक्सीने काच बघायला जातात आणि बहिणीशी दोन शब्द बोलायला वेळ नाही. रात्री जेवण होईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. ह्यांना त्याचा त्रास झाल्यासारखा वाटला नाही. एका जागी बसून खिडकीतून बाहेर बघत होते, आणि चेहरा असा, की आकडेमोड जमली आहे पण उत्तर आवडलेलं नाही.

११ मे

बेबी आली. जिना चढून वर येईपर्यंत घामाने डबडबली होती. मी तिला खुर्ची दिली. ह्यांनी न विचारताच सुरुवात केली.

"करून घे."

बेबीने विचारलं, "तुझं खरंच गेलं?"

"गेलं."

"सगळं?"

"पायांचं सगळं."

"चालून दाखव."

मला हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चालून दाखव म्हणते. पण हे उठले. दार उघडून बाहेरच्या लांब गॅलरीत गेले. बेबी खुर्ची ओढून उंबऱ्याशी बसली. हे ताठ चालत दुसऱ्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. हात मोकळे, मान वर. शेजारच्या दारातली बाई बघू लागली. ह्यांनी तिला नमस्कार केला. तिसऱ्यांदा वळले तेव्हा बेबी म्हणाली, "पुरे रे दादा, पटलं."

मग तिने डोळे पुसले आणि तिथूनच डॉक्टरांकडे फोन लावला.

हे आत न्हाणीघरात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. हल्ली ह्यांचं पोट बिघडलेलं असतं. पण आज मी खूश आहे. इतके दिवस टोचून बोलले ते एकदाचं लागू पडलं.

१७ जून

बेबीला आत नेलं. जाताना ह्यांना म्हणाली, "तू उतरलास म्हणून उतरतेय हं." ह्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

नंतर हे कागद आणायला पलीकडच्या इमारतीत गेले. मी एकटीच होते तेव्हा डॉक्टर तिथून जाताना थांबले. आत जायच्या आधी हात धुवायला निघाले होते बहुतेक. म्हणाले, काळजी करू नका, तुमच्या नणंदेचं चांगलं होईल असं मला वाटतं. मग म्हणाले, "मिस्टरांचं मात्र मनासारखं झालं नाही. एप्रिलपासूनच दुखणं परत आलं म्हणाले. तुम्हालाही बघवत नसेल."

मी म्हटलं, "हो."

ते आणखी थोडं बोलले. पुन्हा उघडून फायदा होईलच असं नाही, हे त्यांनी ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, मग राहू द्या. मे महिन्यात हे आले होते ते स्वतःसाठी नव्हतेच. बहिणीच्या फिल्मा घेऊन आले होते. एकच विचारलं, हिचं माझ्यासारखं होईल का? डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही, पण तिचं एकाच ठिकाणी आहे, पायांत जोर टिकून आहे, आशा पुष्कळ आहे. आणि थांबली तर बसून राहील. तेव्हा हे म्हणाले, म्हणजे तिला सांगायला हरकत नाही.

डॉक्टर गेले. लांब कॉरिडॉरच्या टोकाला हे दिसले. येत होते. खिडकीशी थांबले, बाहेर बघितलं. पाण्याच्या यंत्राशी थांबले, पाणी प्यायलं नाही. बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

बुटाला नाडी नाही. चिकटपट्टीचे बूट मीच आणलेले, ऑपरेशननंतर.

मी जागेवरून उठले नाही. उठून पुढे गेले असते तर ह्यांना भराभर चालावं लागलं असतं.

१८ जून

बेबी बरी आहे.

१९ जून

लिहायला बसले. काही नाही.

२३ जून

बोलायचं कसं, ह्याचा विचार पाच-सहा प्रकारे केला. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य जमतं. दुसऱ्या वाक्याला हे मान वर करून बघतात, आणि पुढचं मला दिसत नाही.

समजा बोलले. ह्यांचं दुखणं कमी होणार नाही. डॉक्टरांकडे करण्यासारखं काही नाही, माझ्याकडे तर नाहीच. बेबी आमच्याकडे पलंगावर पडून दिवसातून दहा वेळा म्हणते की दादाने करून घेतलं म्हणून मी केलं. तिला कळेल. मला थोडं हलकं वाटेल. एवढाच फायदा, आणि तो माझा.

'करून टाका' मी म्हटलं होतं. 'एक शब्द बोलायला काय जातं' हेही मीच. काय गेलं ते आता ठाऊक आहे.

५ जुलै

आज बेबीला चालवलं. खाली फाटकापर्यंत. हे तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. कोणी कोणाला धरलं होतं ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

ह्यांना झोपेत कण्हायची सवय आहे असं मी चैत्र-वैशाखापासून धरून चालले होते. सवय.

२९ जुलै

बेबीने आज उभं राहून तीन गिऱ्हाइकं केली. संध्याकाळी स्वतः सांगायला आली. जिना उभ्याने चढली आणि वर येऊन शाळेतल्या पोरीसारखी हात पसरून उभी राहिली. पाय हलके झालेत, वहिनी, जमिनीवर आहेत की नाही बघावं लागतं.

हे इतके हसले. मनापासून. मी बघत होते, त्यात खोट सापडली नाही.

चांगलं झालं. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते. ह्यांनी खरं सांगितलं असतं तर ती जिन्यावर बसलेली असती. हे चांगलंच झालं, आणि ह्यांचे पाय तसेच आहेत. ह्या दोन वाक्यांच्या मधे कोणता शब्द घालायचा ते मला येत नाही. मुलांना मी भूगोल शिकवला, तिथे 'म्हणून' आणि 'पण' ह्यांवर काम भागत होतं.

१२ ऑगस्ट

आता नवीन. बेबीला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, आणि बेबी काहीही एकटी करत नाही. संध्याकाळी दुकान बंद करून येते आणि खालून हाक मारते, "दादा, चल." तळ्याला पूर्ण फेरी मारायची. हे मी चपला घालेपर्यंत दाराच्या चौकटीला धरून उभे असतात. नाही म्हणत नाहीत. कोणत्या तोंडाने म्हणतील?

काल निम्म्या वाटेवर ह्यांनी किल्ल्या खाली पाडल्या. मग रुमाल. मग बदकं बघायला कठड्यावर ओणवे झाले. बेबी म्हणाली, "ह्याचं काय हे, पावलोपावली! आजारी होतास तेव्हा थांबायचास ते ठीक. आता कसली नखरेल चाल?"

ह्यांच्या ओठांवर घाम होता. मला वाटलं, आता सांगतील. सांगितलं नाही. म्हणाले, तू हो पुढे.

"तुझ्याशिवाय? ते नाही."

१३ ऑगस्ट

आज मी पहिल्या बाकाशीच थांबले. म्हटलं, माझा गुडघा. बसले. एकटीला कसं बसू द्यायचं म्हणून हेही बसले. बेबी उभ्यानेच गप्पा मारत राहिली. आम्ही पुष्कळ वेळ बसलो.

पुढच्या बाकाशी पुन्हा गुडघा.

माझे गुडघे शाबूत आहेत. शाळेत चार मजले चढत होते, अजून चढेन.

२८ ऑगस्ट

रोज चार बाकांवर बसतो. आज ह्यांची किल्ली एकदाही पडली नाही. ह्याहून जास्त मला काही करता येत नाही. हे काही करण्यात धरावं का, तेही माहीत नाही. दुखणं जिथल्या तिथे आहे. फक्त बसायला कारण आहे, आणि ते माझ्या नावावर.

ह्यांना संशय नाही. उलट मला चिडवतात. दुपारी पेपरवाल्यासमोर म्हणाले, हिला आता दुकानात फ्रेम करून टांगतो.

४ सप्टेंबर

तिसऱ्या बाकावर बेबीने माझ्यासमोर उभं राहून कमरेवर हात ठेवले.

"वहिनी, आता तू दाखवूनच घे. दादाने करून घेतलं, मी करून घेतलं. दोघं ठणठणीत. तुझंच काय अडलंय? घाबरतेस का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, घाबरते थोडी.

"दादा, सांग ना रे हिला."

हे तळ्याकडे बघत होते. म्हणाले, "तिचं तिला ठरवू दे." आणि माझ्या बाजूला थोडे सरकले. बाकावर जागा पुष्कळ होती.

"तुम्ही दोघं म्हणजे," बेबी म्हणाली, आणि एकटीच पुढे निघाली. पहिल्यांदाच. हात हलवत, ताठ, पलीकडच्या वळणापर्यंत. ती झाडांआड जाईपर्यंत आम्ही बघत बसलो.

घरी आल्यावर हे मलम घेऊन आले. माझ्या समोर खालच्या स्टुलावर बसले. विचारलं, "कोणता?"

मी म्हटलं, "डावा."

चोळू लागले. फ्रेमवाल्याचे हात, अंगठ्याला काचेचे जुने ओरखडे. मग मला आठवलं की तळ्यावर बेबीला मी उजवा सांगितला होता. ह्यांच्या लक्षात आलं नसावं. मी पाय तसाच ठेवला.

डावा झाला. ह्यांनी पुन्हा बोटांवर मलम घेतलं आणि काही न विचारता उजव्या गुडघ्याला लावायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "दोन्ही कशाला?"

"असू दे," म्हणाले.